इकायचं का वानवळा?

सन १९३२ च्या मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी साडेआठ वाजता कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीवर दहिवलीच्या जिजाबाई आणि त्यांची एक दुभती शेळी यांना अडवण्यात आले. शेळी पांढरी असून तिचा उजवा कान काळा आहे. अडवण्याचे कारण असे की, त्याच सकाळी आठ वाजल्यापासून या रस्त्यावर खुला व्यापार सुरू झाला होता.

मोरीच्या अलीकडे कर्जतच्या उल्हास बाजार मंडळाचा नाका आहे, पलीकडे खालापूरच्या पाताळगंगा बाजार मंडळाचा. दोन्ही मंडळे विक्रीच्या मालावर जकात घेत आणि वानवळ्याला माफी देत. लेकीकडे पाठवलेले चार पापड, व्याह्यांकडे धाडलेल्या वालाच्या शेंगा यांवर जकात घेणे शोभत नाही, असे नियम करणाऱ्यांना वाटले होते. त्यामुळे नाकेदार प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "इकायचं का वानवळा?" आणि प्रत्येक जण एकच उत्तर देई. तांदळाच्या गोण्यांनी लादलेल्या बैलगाड्या वानवळा म्हणून जात. कौले वानवळा म्हणून येत. एकदा एक लोखंडी तिजोरी गेली. ती मामाने भाचीला पाठवलेली होती. भाचीचे खालापुरात सराफीचे दुकान होते. व्यापार उत्तम चालला होता, फक्त त्याला व्यापार म्हणण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

ती वेळ वर्तमानपत्रामुळे आली. तिकडे कॅनडात ओटाव्याला ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी आपसांत व्यापारी करार केल्याची बातमी आबाजीशेठ यांनी वाचली. शेठ भातगिरणीचे मालक आणि उल्हास मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कारकुनाला आपल्या मंडळाच्या निर्यातीचा आकडा विचारला.

"शून्य," कारकून म्हणाला.

"आणि खालापुराहून आयात?"

"तीही शून्यच."

"अरे, मग आपण इतकी वर्षं जगतोय कशावर?"

"वानवळ्यावर, शेठ."

ज्या प्रदेशाचा व्यापार शून्य, त्याने जगाच्या बाजारात कोणत्या तोंडाने उभे राहावे, या विचाराने शेठना दोन दिवस जेवण गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी ते पाताळगंगा मंडळाचे अध्यक्ष गोविंदराव टिपणीस वकील यांच्याकडे गेले. वकीलसाहेब याच दुःखात होते. करार ठरला. जकात कायमची रद्द. सह्यांच्या वेळी वकीलसाहेबांचे भाषण झाले. खुल्या व्यापाराने राष्ट्राची स्पर्धाशक्ती वाढते, असे सांगून ते म्हणाले, "कर्जतचा माल आणि खालापूरचा माल उद्या समोरासमोर उभे राहतील, आणि एकमेकांच्या धाकाने दोघेही सुधारतील." टाळ्या झाल्या. पानसुपारी झाली.

करारातले एक कलम मात्र कोणी मोठ्याने वाचले नाही. जकात रद्द झाली, तेव्हा जकातीची माफीही ओघानेच रद्द झाली. मोरीवरून जाण्याची मुभा आता फक्त व्यापाराला होती. व्यापार नसलेली वस्तू जाऊ दिली, तर घाटावरचा परका माल नात्याच्या पदराआडून आत शिरेल, अशी वकीलसाहेबांना भीती होती.

जिजाबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांची लेक कोंडी खालापुरात नांदते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते, पण न्यायला जाण्याआधीच ती मोकळी झाली. मुलगा झाला. कोंडीला दूध उतरत नव्हते. पोराचे अंग किरकोळ होते, आवाज तेवढा दणदणीत. आजीने निरोप मिळताच शेळी सोडली आणि वाट धरली होती.

"काकी, इकायचं का वानवळा?" नाकेदार नागूने सवयीने विचारले.

"वानवळा," जिजाबाई सवयीने म्हणाल्या.

"मग नाय जायचं."

"आं? इतकी वर्सं वानवळाच म्हनत आले की रं! तवा बरा सोडायचास."

"तवा व्यापार बंद व्हता, म्हनून जाता येत व्हतं. आता खुला झालाय."

"बरं बाबा, इकायची हाय. झालं?"

"आत्ताच वानवळा म्हनालीस. आमी काय बोळ्यानं दूध पितो व्हय, काकी? व्यापार हाय, तर गिऱ्हाईक दाव."

एरवी नागूने एवढे ताणले नसते. पण त्याच्या मागे खुर्च्या मांडून दोन्ही अध्यक्ष बसले होते. खुल्या व्यापाराच्या पहिल्या मालाला हार घालायचा होता. हार खालापूरच्या झेंडूचा होता. आठपासून गाडीवाले आले, प्रश्न ऐकला, "वानवळा" म्हणाले आणि परत पाठवले गेले. मागून येणाऱ्यांनी ते पाहिले आणि लांबूनच गाड्या वळवल्या. करार लागू झाल्यापासून मोरीवरून एक दाणा गेला नव्हता. हातात हार घेऊन बसलेल्या माणसांना शेळीत आशा दिसू लागली.

"गिऱ्हाईक आहे का हो, बाई?" आबाजीशेठनी विचारले.

गिऱ्हाईक पलीकडच्या नाक्यावर केव्हाचे उभे होते. कोंडीचा नवरा पदू सासूला घ्यायला आला होता. तो ओरडला, "मामी, कुनी अडवलंय? प्वार रात्रीपास्नं आळी जागवतंय!"

"ह्यास्नी शेळी इकून पायजे, जावयबापू!"

"मग इका की! मी घेतो!"

"घासाघीस झाल्याखेरीज व्यवहार खरा धरता येणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. "भाव बोला."

जिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "लेकीच्या घरी शेळी इकू? लोक तोंडात श्यान घालतील माज्या."

"मामी, बोला कायतरी!"

"येक आना," जिजाबाई पुटपुटल्या.

पदूला ते सहन झाले नाही. सासूचा माल एक आण्याला घेणारा जावई गावात तोंड कसे दाखवणार? "छ्या! येवढी ग्वाड शेळी. पाच रुपये घ्या, मामी."

"पाच? मंग फुकाट न्या!"

"फुकाट? मग धा देनार!"

"शेळीसंगं दावं बी घेऊन जा, पर धा म्हनू नका!"

विकणारी उतरते आहे आणि घेणारा चढतो आहे, हे पाहून भाताच्या बाजारात केस पिकलेले आबाजीशेठ खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. वकीलसाहेब मात्र उभे राहिले.

"माझी हरकत आहे. उत्पादनखर्चापेक्षा कमी भावात माल आमच्या हद्दीत ओतून आमच्या शेळ्यांचा धंदा बसवण्याचा हा डाव आहे."

"सायेब, ती आजी हाय," नागू म्हणाला.

"तेच तर! आमच्या बाजूच्या कोणत्या शेळीवाल्याला एवढी माया परवडेल? या स्पर्धेत आमचा टिकाव कसा लागावा?"

आता आबाजीशेठचा स्वाभिमान जागा झाला. दहिवलीची आजी ही कर्जतची नैसर्गिक संपत्ती असून तिच्यावर निर्बंध घालणे कराराच्या आत्म्याविरुद्ध आहे, असे त्यांनी ठणकावले. दोघांचे आवाज चढले. पलीकडून पदूचा चढला. शेळीही ओरडू लागली, कारण तिची कास भरली होती. अखेर शेठनी स्वतः सासू-जावयांना भाव पढवले. तिने सात म्हणायचे, त्याने पाच, आणि सहावर यायचे. जिजाबाईंनी डोळे मिटून "सात" म्हटले. पदूने पाठ फिरवून "पाच" म्हटले. सहाला दोघेही एकदम रडवेले झाले. व्यवहार खरा ठरला.

वकीलसाहेबांनी पुढे होऊन शेळीच्या गळ्यात हार घातला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत शेळीने हार खाल्ला होता.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. करारात माल शंभर टक्के त्या त्या बाजूचा असला पाहिजे, अशी अट होती. झेंडू खालापूरचा. तो शेळीच्या पोटात गेला. आता होणारे दूध दहिवलीचे की खालापूरचे?

"आदीचं दहिवलीचं, मागनं यील ते तुमचं," जिजाबाई म्हणाल्या. "वरचं मी काढून घेते, खालचं तुमी तपासा. पर पोराला द्या रं आदी!"

मिश्र मालाविषयी करारात तरतूद नव्हती. दोन्ही मंडळांची संयुक्त उपसमिती नेमण्याचे ठरले. तोवर शेळीने मोरीच्या मधोमध थांबावे, असा हुकूम झाला. मोरीचा मध्य कोणाच्याच हद्दीत नव्हता.

पदू घरी धावला आणि गोधडीत गुंडाळलेले पोर घेऊन परत आला. पलीकडच्या नाकेदाराने त्यालाही विचारले, "इकायचं का वानवळा?" पदूने त्याच्याकडे असे पाहिले की तो बाजूला झाला. जिजाबाईंनी वाटीत धार काढली, धडप्याच्या चिंधीचा बोळा केला, दुधात बुडवला आणि नातवाच्या ओठांना लावला. आवाज बंद झाला. नागूने तोंड फिरवून डोळे पुसले. खुद्द आबाजीशेठ म्हणाले, "पितंय हो, पितंय!"

पोर अर्धी वाटी प्यायले तेव्हा वकीलसाहेबांच्या लक्षात आले की, परत जाताना ते दूध पोराच्या पोटातून हद्दीत शिरणार.

उल्हास मंडळाचा अहवाल बुधवारी निघाला. निर्यात गेल्या साली शून्य, यंदा एक शेळी, मध्यापर्यंत. शून्याच्या मानाने ही वाढ टक्केवारीत मावत नाही, असे त्यात नमूद आहे. पाताळगंगा मंडळाने तीच शेळी आयातीत धरली. दोन्ही बाजूंचा व्यापार अशा रीतीने जुळला. "खुल्या व्यापाराचे पहिले फळ" या मथळ्याखाली वर्तमानपत्रांनी तो आकडा छापला आणि तो वाचून अभिनंदनाची पत्रे येत आहेत.

शेवटची बातमी आली तेव्हा जिजाबाई, शेळी आणि नातू मोरीवरच होते. कोंडीही तिथे येऊन बसली होती. पोर बाळसे धरत आहे. उपसमितीची बैठक झालेली नाही. मोरीवर बोळ्याने दूध पिणारा तो एकटाच आहे. बाकीच्यांचा आकडा वर्तमानपत्रांच्या खपावरून काढावा लागेल.