फेट्याखालचं दुखणं

आबाजी गोठ्यात म्हशीच्या आड तोंड करून रडत होते. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण शालनबाई शेणाची पाटी घेऊन आत आली, आणि आबाजींना काहीतरी सांगणं भाग पडलं.

"काय झालं रं?"

"काय न्हाई, आक्का. डोकं दुखतंय."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण खरं सांगायची सोय उरली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या, तेराव्याला त्यांचे भाऊ मारुतराव पुनावळ्याहून नवा फेटा घेऊन आले होते आणि चार माणसांसमोर त्यांनी तो आपल्या दाजींच्या डोक्याला बांधला होता. फेटा बांधला की दुखवटा संपला. त्यानंतर बाप्या माणसानं डोळ्यांतून पाणी काढलं तर ते घरातल्या शुभकार्याला आडवं येतं, असं पिंपरी गावात सगळेच मानत. आणि शुभकार्य तर तोंडावर होतं. मुलीची, इंदूची, सोयरीक मंजुळाबाईंनीच आजारपणाच्या आधी चाकणच्या दौलतरावांकडे ठरवली होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आता रिवाजाप्रमाणे वर्षाच्या आत लग्न लावायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. दौलतराव थांबणाऱ्यांतले नव्हते.

"डोकंच ना?" शालनबाईनं त्यांच्या लाल डोळ्यांकडे बघत विचारलं. "दुसरं काय न्हाई ना?"

"दुसरं काय असनार?"

शालनबाईला हायसं वाटलं. रडण्यावर तिच्याजवळ उपाय नव्हता. डोकेदुखीवर पुष्कळ होते.

त्या संध्याकाळी आबाजींच्या कपाळाला सुंठेचा लेप बसला. लेप वाळून कपाळ ताणलं, भुवया वर गेल्या, आणि ते सारखे कशाचं तरी नवल वाटत असल्यासारखे दिसू लागले. तेवढ्यात इंदूनं चूल पेटवली. फुंकणीनं दोनदा फुंकायचं, मग मान वळवून खोकायचं, मग पुन्हा फुंकायचं, ही मंजुळाबाईंची रीत तिनं कधी उचलली होती कोण जाणे. आबाजींनी तो खोकला ऐकला आणि लेपातून दोन ओहोळ खाली आले.

"लई दुखतंय का?" शालनबाईनं विचारलं.

"लई," आबाजी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. गावातलं जो तो येऊन डोक्याची चौकशी करू लागला. मंजुळाबाईंचं नाव घरात कोणी काढत नसे. शालनबाईनं तशी ताकीदच दिली होती. पण डोक्याबद्दल मोकळेपणानं विचारता येई, आणि आबाजीही मोकळेपणानं सांगत. रात्री जास्त होतं का? होतं. कामात असलो की विसरतो का? घडीभर विसरतो. मग एकदम आठवण झाल्यासारखं उठतं का? व्हय, अगदी तसंच. माणसं मान हलवत, आणि आबाजींना जरा हलकं वाटे.

शालनबाई मात्र मुळाशी जाणारी बाई होती.

"कवापासनं दुखतंय म्हनालास?"

"तेराव्यापासनं."

"म्हंजे फेट्यापासनं."

मारुतरावांना निरोप गेला. ते आले ते तापूनच.

"दाजी, आमच्या पुनावळ्यात निम्म्या नवरदेवांचं फेटं मी बांधलंत. आजवर कुनाचं डोकं दुखल्यालं न्हाई."

"तुमच्या फेट्याला कोन नाव ठेवतंय, मारुतराव?"

"आक्का ठेवत्यात. सगळ्या गावात झालंय. मारुतीनं दाजीचं डोकं आवळलं म्हनं."

"मग सोडून बघू की चार दिवस," शालनबाई म्हणाली. "दुखायचं थांबलं तर फेटा."

"आन न्हाई थांबलं तर?"

"तर तुमी सुटलात."

फेटा खुंटीला गेला. आबाजी बोडकेच हिंडले. दुखणं थांबलं नाही, उलट फेट्याचं टोक पुढे ओढून डोळे झाकायची सोय गेल्यामुळे ते लोकांना जास्त दिसू लागलं. मारुतराव निर्दोष सुटले, पण त्यांची समजूत पटली नाही. फेट्याचा दोष नाही हे पिंपरीला कळलं होतं. बाकीच्या मुलखाला कळायचं राहिलं होतं.

मग डोळ्यांवर संशय गेला. पिंपरी कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे चष्म्यांची टोपली असे. गिऱ्हाइकानं एकेक चष्मा लावायचा आणि समोरची पाटी नीट दिसली की थांबायचं. आबाजींना पाटी आधीपासूनच नीट दिसत होती. त्यामुळे ते थांबणार कुठे? शेवटी शालनबाईनंच जाड काड्यांचा एक पसंत केला.

"यात शाळामास्तरावानी दिसतोस," ती म्हणाली.

"पर जिमीन वर आल्यावानी वाटतीया, आक्का."

"व्हईल सवय."

सवय होईपर्यंत आबाजी पाय उंच उचलून चालत. कारखान्याला जमीन गेल्यावर त्याच्या कुंपणाला लागून त्यांची जी पट्टी उरली होती, तिच्या बांधावर ते दोनदा पडले. पडल्यावर हाताला लागलं तसं जबड्यालाही लागलं, आणि जबडा सुजलेला बघून शालनबाईला एकदम उलगडा झाला की मूळ दुखणं दाढेचं आहे. बाजारातल्या दात काढणाऱ्यानं आबाजींची एक दाढ काढली. चांगली घट्ट होती. निघायला तयार नव्हती. काढणाऱ्यानं ती उजेडात धरून फिरवून बघितली आणि तोही जरासा खजील झाला.

"ह्यात तर काय किडल्यालं दिसंना."

"आत गेली असंल कीड," शालनबाई म्हणाली.

शेवटी कारखान्याच्या दवाखान्यात पुण्याचा एक तरुण डॉक्टर येई, त्याच्याकडे नेलं. जमिनी दिलेल्या गावकऱ्यांना तो तपासत असे. डॉक्टर मन लावून काम करणारा होता. त्यानं आबाजींना बसवलं आणि पद्धतशीर विचारायला सुरुवात केली.

"एका बाजूला दुखतं की दोन्हीकडे?"

आबाजींनी बहिणीकडे बघितलं. "दोन्हीकडं," शालनबाई म्हणाली.

"ठणकतं, की दोरीनं आवळल्यासारखं वाटतं?"

"आवळल्यावानी," आबाजी म्हणाले, आणि लगेच मारुतरावांची आठवण होऊन घाबरले. "न्हाई न्हाई, ठनकतं."

"उजेड सहन होतो?"

"मानसं असली तर न्हाई होत."

डॉक्टर थबकला. डोकेदुखी हा स्वतः आजार असू शकतो, नाहीतर दुसऱ्या आजाराची खूण असू शकते. ती मेंदूतून येते, रक्तदाबातून येते, डोळ्यांतून येते, काळजीतूनही येते, आणि प्रत्येक जातीची आपली आपली लक्षणं असतात. आबाजींची लक्षणं सगळ्या जातींतली थोडी थोडी होती आणि कुठल्याच एकीची पुरी नव्हती. त्यानं डोळ्यांत बत्ती मारली. बोट हलवून त्याकडे बघायला सांगितलं. रबरी हातोडीनं गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला.

"डोकं वर हाय, डॉक्टर," शालनबाई म्हणाली.

डॉक्टरनं तिला बाहेर बसायला सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली. "आबा, नेमकं कधी सुरू होतं, सांगा बरं. नीट आठवून."

इतक्या हळू आवाजात बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. आबाजींनी चष्मा काढला.

"सांजच्याला. चूल पेटली का."

डॉक्टरचा चेहरा उजळला. "धूर. धुरानं होतं."

"धुरानं न्हवं ओ. चूल पेटवनारं मानूस…" एवढं बोलून आबाजी थांबले. दाराच्या फटीत शालनबाईचं लुगडं दिसत होतं. "व्हय," ते म्हणाले. "धूरच असंल."

"चूल घराबाहेर हलवा. त्यानं गुण आला नाही, तर मात्र पुण्याला नेऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. आत काही वाढत नाही ना, ते बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी चूल परसात गेली. आता संध्याकाळी घरात खोकला ऐकू येईना. आबाजी ओसरीवर बसून कान देत, पण मधे दोन भिंती होत्या. त्यांना पहिल्यांदाच त्या डॉक्टरचा राग आला.

इकडे मारुतराव कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला गेले होते. तिथे त्यांना संधी मिळाली.

"फेट्याचा काय संबंध न्हाई," ते आडत्याच्या गादीवर बसून सगळ्यांना सांगत होते. "दुखनं डोक्याच्या वर न्हाईच, आत हाय. कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलंय. मेंदूत काय तरी वाढतंया. गुडघ्यावर हातोडी मारून बघितली त्यानं."

बाजार उठायच्या आत ही गोष्ट दौलतरावांच्या घरी पोचली. पोचेपर्यंत हातोडी मोठी झाली होती, आणि पिंपरीच्या आबाजीला डॉक्टर लोक धरून ठेवतात, इतपत मजल गेली होती. दौलतरावांचा लगोलग निरोप आला. शुक्रवारी येतो, व्याह्यांना समक्ष बघतो, मग सुपारीचं बोलू.

शालनबाईनं आबाजींना समोर बसवलं. "येड हाय घरान्यात, असं वाटतंय त्यास्नी. आबा, ध्यान देऊन ऐक. शुक्रवारी डोक्याचं नाव काढायचं न्हाई. डोकं दुखत न्हाई, कधी दुखलं न्हाई."

"आन डोळ्याला पानी आलं तर?"

"येऊ द्यायचं न्हाई."

"आक्का, आलंच तर काय सांगू?"

शालनबाई ओसरी सारवायला उठली. इंदू दारात उभी राहून हे ऐकत होती. ती परसात गेली. आई गेल्यापासून ती शहाण्यासारखी वागत होती. आबांच्या डोक्याला त्रास नको म्हणून आवाजसुद्धा चढवत नव्हती.

शुक्रवारी मारुतराव सकाळीच आले. चूक निस्तरायची म्हणून त्यांनी खुंटीवरचा फेटा काढून आबाजींना पुन्हा बांधला. या खेपेला असा, की जन्मात हलू नये. वर चष्मा बसवला. दाढेची जागा अजून ठसठसत होती. ऊन चढलं, दौलतराव आले, आणि रामराम घालताना आबाजींच्या डाव्या कानशिलावर कोणी खिळा ठोकल्यासारखी कळ गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं डोकं खरोखर दुखू लागलं होतं.

"तब्येत काय म्हनती?" दौलतराव त्यांना न्याहाळत म्हणाले.

"झ्याक."

"डोक्याचं कायसं ऐकलं."

"डोक्याचं? न्हाई बा."

दौलतरावांनी मग जपून परीक्षा सुरू केली. आज वार कोणता? बटाट्याला विलायती खत घालावं की शेणखत मुरवून घालावं? कारखान्याचा भोंगा दिवसातून किती वेळा होतो? आबाजी दात आवळून, डोळे बारीक करून एकेक उत्तर देत होते, आणि सगळी बरोबर येत होती. दौलतरावांचे खांदे सैल झाले. शालनबाईनं आत खूण केली.

इंदू चहा घेऊन आली. आत्यानं पेटीतलं चांगलं लुगडं नेस म्हणून सांगितलं होतं. पेटीत चांगलं असं एकच होतं. मंजुळाबाईंचं, मोरपंखी, सणाला नेसायचं. इंदूला ते जरा लांब होत होतं, म्हणून तिनं निऱ्या आईसारख्या वर खोचल्या होत्या.

आबाजींनी कप घेतला, तेवढ्यात त्यांची नजर त्या निऱ्यांवर गेली. चष्म्याखालून पाणी आलं, ते थांबेना.

शालनबाई घाईनं म्हणाली, "डोकं…" आणि तिथंच अडकली. मारुतरावांनी फेट्याकडे बघितलं. सगळ्यांना माहीत असलेलं कारण आज कोणालाच वापरता येत नव्हतं.

"व्याही," दौलतराव सावधपणे म्हणाले, "काय व्हतंय?"

आबाजींनी कप खाली ठेवला. "डोकं न्हवतं दुखत माझं, दौलतराव. एक दीस न्हाई दुखलं. बायको गेली माझी. रडायची सोय न्हवती म्हनून डोकं म्हनत व्हतो."

इंदूच्या हातातलं तबक एकदम कलंडलं. ती खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली, लहान पोरीसारखी, आवाज काढून. मारुतरावही भिंतीकडे वळले. बहीण त्यांची होती.

शालनबाईनं डोळे मिटले. सोयरीक गेली, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "येवडंच व्हय?" ते म्हणाले. "आन मेंदूत वाढतंय ते?"

"कायबी न्हाई वाढत."

"मग झालं की. आमाला येडा व्याही नको व्हता. रडका चालंल." त्यांनी आपला कप उचलला. "सुपारी आना, शालनबाई. गुळबी आना."

पाहुणे चाकणला परतले. शालनबाई परसातल्या चुलीपाशी पीठ मळत बसली. इंदू पलीकडे दगडावर गुडघ्यात मान घालून बसली होती. आबाजी फेटा दोन्ही हातांनी धरून बाहेर आले.

"आक्का, डोकं लई दुखतंय गं."

शालनबाईनं मान वर केली नाही. "रड की मग. आता कोन नको म्हनतंय? पोरगी हाय तितं, तिच्यापाशी बसून रड."

या खेपेला खरंच दुखतंय, डाव्या कानशिलात, फेटा सोडायला हवा, असं आबाजींना सांगायचं होतं. पण इतक्या दिवसांनी मिळालेली परवानगी खुलासा करण्यात घालवायला त्यांचा जीव होईना. ते दगडापाशी गेले. इंदू जरा सरकली.