एकवीस प्रश्न आणि धरलेला श्वास

"तुमचं नाव?" खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या साहेबांनी विचारलं होतं. घड्याळजींनी नाव सांगितलं आणि यंत्राने त्यांना खोटं ठरवलं. मग धंदा, मग दुकानाचा पत्ता. एकवीस प्रश्नांत वीस वेळा खोटं! तो कागद आता न्यायाधीशबाईंच्या टेबलावर होता आणि मागच्या बाकावर घड्याळजींची बायको पिशवीचा बंद मुठीत आवळून बसली होती.

झालं होतं असं, की एका गिऱ्हाइकाचं आजोबांच्या वेळचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त होऊन घरी गेलं आणि त्याचे टोल वेगळेच वाजू लागले. "आतलं जुनं काढून भुक्कड माल बसवला," अशी त्याने फिर्याद केली. तेव्हापासून अडतीस वर्षांच्या दुकानाची पायरी कोणी चढेना. आज दोष सिद्ध झाला तर कायमचं कुलूप. यंत्राला होकार दिला तो मात्र घड्याळजींनीच. "लावा की! यंत्र आजवर माझ्याशी कधी वाकडं वागलं नाही."

फिर्यादीचे वकील उठले. "बाईसाहेब, यंत्राला ना भाऊ, ना मेहुणा. ते कुणाची बाजू घेणार? अहवाल पुरावा म्हणून धरावा."

"यात आरोपीचं नावसुद्धा खोटं आहे," बाई चष्म्यावरून म्हणाल्या. "मग मी खटला चालवतेय तो कुणावर?"

वकील खोकले. "तेवढं सोडून बाकीचं धरावं."

"म्हणजे धरायचं काय नि सोडायचं काय, ते यंत्र नाही, तुम्ही ठरवणार." बाईंनी कागद उलटला. "एकच उत्तर खरं ठरलंय. 'घरात भांडणं होतात का?' 'कधीच नाही.' यांच्या पत्नी आल्यात का?"

ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. समोर अर्धी गल्ली बसलेली. 'नाही होत' म्हणावं तर घराची अब्रू राहत होती, पण मग यंत्र खरं ठरत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होता.

"रोज होतात, बाईसाहेब. कालच झालं."

"कशावरून?"

"हाक मारली तर ओ देत नाहीत! बारीक स्प्रिंग उडू नये म्हणून काम करताना श्वास धरायची सवय. आता नीट विचार करून बोलायचं असलं तरी आधी श्वास बंद. लग्न ठरवायला आले तेव्हा नाव सांगतानाही असेच लाल झाले. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगी पसंत नाही."

"म्हणजे श्वास अडला की यंत्र खोटं म्हणत होतं. मग भांडणाच्या प्रश्नाला श्वास कसा चालू राहिला?"

"थाप मारताना मोकळाच असतो, बाईसाहेब. तिथे कुठली स्प्रिंग उडणार?"

सगळी खोली हसली. बाई मात्र टेबलावर पुरावा म्हणून ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाकडे बघत होत्या. "हे आतून कोणी पाहिलंय?"

कोणीच नाही! यंत्राच्या नादात घड्याळ उघडायचं राहूनच गेलं होतं.

दोन्ही बाजूंच्या संमतीने घड्याळजींनी स्क्रू फिरवले. त्यांनी श्वास धरला, तशी सगळ्या खोलीनेच धरला. आत टोल वाजवणाऱ्या भागाच्या पितळी पट्टीवर सुईने कोरलेल्या चार बारीक तारखा निघाल्या. "दुरुस्ती केली की आत तारीख कोरायची, ही आमची रीत. या खालच्या तीन माझ्या. वरची माझ्या उस्तादांची."

फिर्यादी भिंगातून बघतच राहिला. "आजोबांचंच साल! मग आवाज का बदलला?"

"टांगलंय कशावर?"

"नव्या... लाकडी पार्टिशनवर."

"पोकळ लाकूड ढोलासारखं घुमणारच."

"हे आधी का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी श्वास धरला, मग सोडला. "घड्याळाबद्दल कोणी विचारलंच नाही. सगळे माझ्याबद्दलच विचारत होते."

अहवाल बाजूला ठेवून बाईंनी त्यांना निर्दोष सोडलं आणि जाता जाता स्वतःचं मनगटी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

पायऱ्या उतरताना बायकोने विचारलं, "चारचौघांत भांडणाचं सांगितलं. राग नाही ना आला?"

"छे! मुळीच नाही," घड्याळजी मोकळ्या श्वासाने म्हणाले.

तिला लगेच कळलं.