गाडीत न बसणारा समन्वयक

मदत संस्थेची जीप चौकात बंद पडली तेव्हा पुराचं पाणी दारापर्यंत आलं होतं आणि मागेच लष्कराचा ट्रक उभा होता. जीपमध्ये तान्ह्या मुलांसाठी दुधाची पावडर होती, औषधं होती आणि संस्थेचा समन्वयक होता. त्याला घरीदारी सगळे 'नियमबाबा' म्हणत. बायकोने मीठ मागितलं तरी हा आधी पुड्यावरची तारीख वाचायचा.

आदल्या दिवशीच्या बैठकीत त्याने लष्कराच्या कॅप्टनला भरपूर ऐकवलं होतं. "आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. म्हणून तुमच्या गाडीत आम्ही बसत नाही, आमचा माल चढवत नाही. अंतर पाळायचं!" कॅप्टनने सगळं मन लावून ऐकलं होतं. नको इतकं मन लावून.

आता तो ट्रकमधून डोकावला. "साहेब, दोर टाकू? की अंतर वाढवू?"

"अंतर ठीक आहे," जीपच्या टपावर चढत नियमबाबा म्हणाला.

"अहो साहेब," शेजारी चढलेला ड्रायव्हर कळवळला, "शाळेतल्या छावणीत लेकरं दुधासाठी रडतायत. आणि मला पोहता येत नाही!"

"दुसरा इलाज नसेल तर नियमात सूट आहे. फक्त संचालकबाईंची परवानगी लागते." नियमबाबाने फोन काढला. नेटवर्क नव्हतं.

"आमचा वायरलेस घ्या," कॅप्टन म्हणाला. "पण तोही लष्कराचाच हं."

नियमबाबा पेचात पडला. लष्कराची मदत घ्यायची परवानगी मागायला लष्कराची मदत घ्यायची, तर त्याची परवानगी कुणाकडे मागायची? काल हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारला असता तर बैठक अजून चालू असती.

तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला आणि जीप आडवी सरकू लागली.

"घ्या! खोकी घ्या! याला घ्या! मला घ्या!" नियमबाबा एका दमात ओरडला.

जवान कंबरभर पाण्यात उतरले. खोकी गेली, ड्रायव्हर गेला आणि शेवटी नियमबाबा वळकटीसारखा उचलून ट्रकमध्ये ठेवला गेला.

"मला नीट बसू तरी द्या!"

"गाडीत बसत नाही म्हणालात ना?" कॅप्टन म्हणाला. "म्हणून आडवंच ठेवलंय."

शाळेत दूध पोहोचलं. रडणं थांबलं, लेकरं आयांच्या मांडीवर झोपली. नियमबाबाने ते डोळे भरून पाहिलं. वळला, तर जिन्याखाली कॅप्टन आणि जवान भिजलेले, कुडकुडत बसलेले. त्यांची शिदोरी वाहून गेली होती. समोर संस्थेच्या पातेल्यात गरम भात वाफाळत होता.

"चला, जेवायला."

"नको साहेब," कॅप्टन म्हणाला. "गणवेशातल्या माणसाला तुमचं अन्न द्यायचं नाही. तुम्हीच सांगितलंत."

काल आपण आणखी काय काय बोललो असू, या विचाराने नियमबाबाला घाम फुटला. त्याने संस्थेच्या चादरी आणल्या. "गुंडाळा अंगाभोवती. आत कोण काय घालतं, ते विचारायचा नियम नाही."

जवानांची पंगत बसली. नियमबाबा स्वतः वाढायला उभा राहिला. नेमक्या त्याच वेळी संचालकबाई पाहणीला आल्या. चादरीतली ती रुंद खांद्यांची रांग त्यांनी दोनदा निरखली.

"हे पूरग्रस्त भलतेच धडधाकट दिसतात!"

"दिसतात तसे, मॅडम," पुढच्या पानावर भाताचा डोंगर करत नियमबाबा म्हणाला. "पण फार सोसलंय हो त्यांनी. सकाळपासून माझ्याबरोबर आहेत."