लिंबात शिजलेली मासळी

मेश्रामकाका मासळीला आग लागू देत नसत. रोहूचे पातळ काप, वर लिंबू, तिखट, मीठ. काप पांढरे पडले की म्हणायचे, "शिजली." कुणी हरकत घेतली की भडकायचे. "जिंदगीभर भट्टीत लोखंड तापवलं मी. आग काय असते ते मले नको शिकवू, भैया."

महाराजपुरात त्यांची आणि आमची भिंत एक. कारखान्यातून निवृत्त, काकू गेल्यापासून एकटे. दुपारी मेसचा डबा यायचा, त्यालाही शिव्या. दूधवाला पिशवी फाटकाला टांगून पळायचा. नळ, ऊन, दिल्लीच्या बातम्या, सगळ्यांना त्यांची एकच शिवी: "अर्धकच्चे!" आणि हे म्हणणारा माणूस कच्ची मासळी खायचा.

दर रविवारी भिंतीवरून माझ्यासाठी वाटी यायची. बायको ते काप धुऊन तव्यावर खरपूस भाजायची. रिकामी वाटी परत देताना मी म्हणायचो, "मस्त होती, काका." पुढच्या रविवारी वाटी मोठी व्हायची. मनात त्यांचा राग यायचा. सांगायला हवं होतं. मी वाटी घासून देत राहिलो.

मग काका पिवळे पडले, उजव्या कुशीत दुखू लागलं. मी त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टरांकडे नेलं; त्यांनी तपासण्या केल्या. यकृतात पानासारखे चपटे कृमी बसले होते. गोड्या पाण्यातल्या कच्च्या मासळीतून पोटात जातात, लिंबानं मरत नाहीत, असं ते म्हणाले. औषधानं जातील, पण पुन्हा कच्चं खाल्लं तर पुन्हा येतील, आणि यकृत किती वेळा सोसणार?

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा बी खाते, साहेब. ह्याले काहून नाही झालं?"

डॉक्टरही माझ्याकडे पाहू लागले.

"आम्ही ती भाजून खातो, काका," मी म्हणालो. "पहिल्या वाटीपासून."

ऑटोतून उतरून मी त्यांच्यामागे आत गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात पाहतो तर शेगडी पुसलेली, सिलिंडर भरलेला. माझं डोकं फिरलं. राग स्वतःवरचा होता, काढला त्यांच्यावर. गॅस आहे, तवा आहे, मग पेटवायला काय होतं तुम्हाला, मरायचं आहे का, असं बरंच बोललो.

"झालं बोलून?" ते म्हणाले. मग शेगडीकडे न बघता, "गॅस भक्कन पेटला का वाटते, तुही काकू उठली चहा ठेवाले. पाहतो तं कोणी नाही. तुह्यावर आलं असतं तं तू बी लिंबूच पिळला असता."

मी शेगडीजवळून बाजूला झालो.

आता रविवारी मीच जातो आणि गॅस पेटवतो. काका अंगणात पाठ करून उभे राहतात, मला अर्धकच्चा म्हणत. तव्यावर चर्र वाजलं की थांबतात. मग दारातून विचारतात,

"कोण आहे आत?"

"मीच आहे, काका."

मग ते आत येतात.