उत्तरोत्तर विहीर

माणूस जन्माला आला की त्याचे हक्कही त्याच्याबरोबर जन्माला येतात. फक्त माणूस लवकर मोठा होतो आणि हक्क सावकाश, एवढाच काय तो फरक. अन्न, वस्त्र, निवारा, आरोग्य, शिक्षण हे सर्व मनुष्यमात्राला मिळालंच पाहिजे, असा एक जागतिक करार १९६६ साली लिहिला गेला. आपला देश त्यात १९७९ साली सामील झाला आणि १९८२ साली ही बातमी कर्जत तालुक्यात, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, आमच्या गावी एका तक्त्याच्या रूपानं पोचली. (गावाचं नाव लिहीत नाही. ते पहिल्याच अहवालात चुकीचं पडलं, आणि एकदा परदेशी गेलेलं नाव दुरुस्त करता येत नाही म्हणतात.)

करार फार समजूतदारपणे लिहिलेला आहे. सगळे हक्क आजच द्या, असं त्यात म्हटलेलं नाही. हाताशी असेल त्या साधनसामग्रीनिशी ते उत्तरोत्तर द्यावेत आणि किती दिले ते वेळोवेळी कळवावं, असं म्हटलं आहे. कळवण्याचं काम आमच्या भागापुरतं हिरामण कारकुनाकडे आलं. हिरामण सज्जन माणूस. त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग कधी नसे, कारण ढीग तो खुर्चीवर ठेवी आणि स्वतः उभ्यानं काम करी.

तक्त्यात एक रकाना पाण्याचा होता. गावात विहीर होती. तिच्यावर ‘सर्व जातिधर्मांच्या नागरिकांस खुली’ अशी पाटी होती, लोधिवलीच्या पेंटरकडून मुद्दाम रंगवून आणलेली, आणि ही पाटी वाटेवरून स्वच्छ वाचता येई. छप्पन साली बौद्ध झालेल्या वस्तीतल्या बायाही ती वाचत आणि खाली नाल्यावर जात. त्यांना कुणी अडवलं, असं एकही उदाहरण नाही. त्या हंडा घेऊन विहिरीवर आल्या, की नेमका त्या दिवशी रहाट दुरुस्तीला काढलेला असे. असा योगायोग एका वर्षात चौदा वेळा घडल्याची माझी मोजणी आहे. त्यावरून आमचं गाव यंत्रांच्या देखभालीत किती दक्ष होतं हे दिसून येतं.

ह्या वस्तीत ठकूबाई राहायची. वय साठीच्या पुढं, उजवा गुडघा कामातून गेलेला. नाल्याची चढण ती दिवसातून तीनदा चढे. ती हिरामणाला म्हणाली, “भाऊसाहेब, त्या कागदात आमच्या वस्तीला एक इहीर लिवा.”

हिरामणानं लिहिली. मागणी रास्त असल्यामुळं ती मंजूरही झाली. वस्तीला लागून येसाजीची पडीक जमीन होती. येसाजी मनानं मोकळा. “खना की,” म्हणाला, “तितं तशीबी बोरीबाभळीच हायेत.” सगळं तोंडी झालं, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांत लिहून घेणं बरं दिसत नाही.

अडचण निराळीच होती. पाणी बावीस फुटांवर लागेल, असं जाणत्यांनी सांगितलं. बावीस फूट एका उन्हाळ्यात खणले तर पुढच्या वर्षी कळवायचं काय? ‘गेल्या वर्षी विहीर होती, यंदाही आहे’? ह्याला प्रगती म्हणत नाहीत. करारानं प्रगती मागितली होती. विहीर मागितलीच नव्हती. तेव्हा बऱ्याच विचारान्ती दरसाल तीन फूट असं प्रमाण ठरलं.

पहिल्या वर्षी तीन फूट खणलं. पावसाळ्यात ते बुजलं. दुसऱ्या वर्षी तेच तीन फूट पुन्हा खणलं आणि अहवालात सहा लागले. तिसऱ्या वर्षी नऊ. प्रत्यक्षात खड्ड्यात वासरू उभं राहिलं तर त्याचे कान बाहेर दिसत, परंतु वासराचा कान हे मोजमापाचं मान्य साधन नाही. अहवाल वर गेले, तिथून आणखी वर गेले. कुणाचीही हरकत आली नाही. हरकत न येणं म्हणजे समाधान, हे कचेरीतलं पहिलं सूत्र.

ठकूबाईला हे सूत्र ठाऊक नव्हतं. तिचा जावई बुधाजी ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन. घाटातला कातळ फोडण्यात त्याचा जन्म गेलेला. एका सुट्टीच्या दिवशी तो सासूला भेटायला आला, खड्ड्याकाठी उभा राहिला आणि म्हणाला, “आत्ये, ही इहीर खनतायत का जपतायत?”

“गव्हर्मेंटची हाय बाबा,” ठकूबाई म्हणाली. “हळूहळू वाढती.”

पुढल्या रविवारी तो चार सोबती आणि पहारी घेऊन आला. पाच रविवारांत काम संपलं. बाविसाव्या फुटाला पाणी लागलं. वस्तीनं नाल्यातले दगड वाहून आणून विहीर आतून बांधून काढली. ठकूबाईनं पहिला हंडा भरला आणि तो डोक्यावर न घेता तिथंच ठेवून बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. घर वीस पावलांवर होतं. एवढ्या जवळ पाणी न्यायची तिला सवय नव्हती.

आता वाचकाला वाटेल, गोष्ट संपली. परंतु हक्क आणि पाणी ह्यांत हाच घोटाळा होतो. पाणी लागलं की पिऊन टाकता येतं. हक्क मात्र रीतसर मिळावा लागतो.

आठ दिवसांनी हिरामण आला. त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं आणि तो तिथंच दगडावर बसला. त्याची काळजी मी तुम्हाला समजावून सांगतो. अहवालात नऊ फूट होते. बावीस दाखवले तर पाच रविवारांत एवढं होतं, मग तीन वर्षं काय चाललं होतं, असा प्रश्न येणार. शिवाय हक्क द्यायचा असतो राज्यानं. घेणाऱ्यानं तो परस्पर खणून काढला, तर त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? तक्ता उलटसुलट करून पाहिला. रकाना नव्हता.

“बुजवा म्हणत नाही मी,” हिरामण म्हणाला. तो खरंच सज्जन होता. “कागदावर ती चालू राहील, दरसाल तीन फूट. एकोणनव्वद साली पाणी लागेल. तोवर ते लागलेलं नाही, असं आपण सर्वांनी धरून चालायचं.”

“मंग आमी आता पितो ते काय हाय?” ठकूबाईनं विचारलं.

“ते अनधिकृत आहे.”

“चव तर पान्याचीच हाय.”

पंचनामा झाला. पाच पंच बसले. दुपारची वेळ होती, म्हणून ठकूबाईनं सर्वांना लोटीतून पाणी दिलं आणि त्याच विहिरीच्या पाण्याचा चहाही केला. तो पिऊन पंचांनी ‘समक्ष पाहणी केली असता पाणी आढळून आले नाही’ ह्याखाली सह्या केल्या. एकानं अंगठ्याची शाई पुसायला आणखी थोडं पाणी मागितलं.

“घ्या, घ्या,” ठकूबाई म्हणाली. “आढळलं नाय म्हून काय झालं, थंड हाय.”

पण ती हसत नव्हती. पंच गेल्यावर तिनं हिरामणाला थांबवलं. “भाऊसाहेब, मला तुमचा अहवाल कळत नाय. जमिनीच्या उताऱ्यावर एवडीच वळ लिवा, हितं इहीर हाय आन् ती वस्तीची हाय.”

“पुरी झाल्याशिवाय विहीर उताऱ्यावर लावता येत नाही, आजी. आणि पाणी तर आहे ना तुमच्यापाशी?”

“पानी हाय. कागद नाय. आमी कागदावर नवतो, तवाचं दिस मी काढल्यात रं. ज्याला कागद नाय त्याला कुनीबी उठवतंय.”

ह्या एका ओळीसाठी ती कर्जतला कचेरीत सात वेळा गेली. तिला दरवेळी बसायला बाक मिळाला, ही बाब नमूद करण्याजोगी आहे. (बसण्याचा हक्क असा करारात स्वतंत्रपणे नाही. तो आमच्या तालुक्यानं आपणहून दिलेला आहे.) सातव्या खेपेला साहेबांनी स्वतः तिला सांगितलं, की तिची विहीर वेळापत्रकाच्या पुढं आहे, मागं नाही, तेव्हा तक्रारीला आधारच राहत नाही.

पंच्याऐंशीत बारा फूट, शहाऐंशीत पंधरा, सत्त्याऐंशीत अठरा. पाण्याला चार फूट बाकी असताना येसाजीनं जमीन विकली.

तो वाईट माणूस नव्हे. त्या वर्षी मुंबईची माणसं आमच्याकडे डोंगर बघायला येऊ लागली होती, आणि बघून झाल्यावर ती विचारत, हा केवढ्याला. दलालानं उतारा दाखवला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं : पड जमीन. ठकूबाई येसाजीच्या दारात जाऊन बसली.

“येसाजीदादा, आमची इहीर रं ती.”

“ठकूबाय, मी काय नाय म्हनतो का? पर माज्या उताऱ्यात इहीरच नाय. नाय ती मी इकनार कशी? मी निसती जमीन इकली.” आणि ह्यात कायद्याच्या दृष्टीनं एक अक्षर खोटं नव्हतं.

घेणारे गृहस्थ मुंबईत नोकरीला होते. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून ते शेतकरी असल्याचा दाखला त्यांनी आणला. त्यांनी तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, टुमदार बंगला बांधला आणि परसात आयती विहीर निघाली म्हणून मित्रमंडळींना तिचं पाणी कौतुकानं पाजलं. गुलाबांनाही ते मानवलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहायची गरजही नाही, कारण आत्ता हे वाचताना त्यांच्या लक्षात आलंच असेल. दचकू नका. तुम्ही चांगले आहात. वाचनाची आवड असलेली माणसं एकंदरीत चांगलीच असतात. पहिल्याच रविवारी फाटकाशी हंडा घेऊन उभी राहिलेली म्हातारी पाहिलीत, तेव्हा तुम्ही स्वतः उठून तिला पाणी काढून दिलंत आणि ‘आजी, संकोच करू नका, कधीही या’ म्हणालात. हिरामण तेव्हा तिथूनच जात होता. त्यानं ते लगेच टिपून घेतलं. अठ्ठ्याऐंशीच्या अहवालात ते शब्दशः आहे : ‘खाजगी सहभागातून पाणीपुरवठा सुरू. प्रमाण, दर रविवारी एक हंडा. पुढील उद्दिष्ट, दीड.’

ठकूबाई तुमचा शब्द धरून आहे. नाल्याची चढण आता तिच्यानं होत नाही. आज रविवार आहे, वैशाख आहे, फाटकाला तुमचं कुलूप आहे. सकाळपासून ती हंडा उपडा घालून त्यावर बसली आहे, आणि तुम्ही अजून वाचताय.