दयानंद सरांच्या सासूबाईंचं दुखणं

"सर, काल नांदेडला दिसलाव म्हणं तुमी? बसस्टँडावर?"

वर्षाराणी मॅडमनी सहज विचारलं आणि दयानंद सरांनी ओठांना लावलेला चहाचा कप खाली ठेवला. आता माणसं एकमेकांना असं सहज विचारतातच. पण कुणी काही सहज विचारतं यावर सरांचा मुळात विश्वासच नव्हता. शिपाई दगडोबानं वाकून राम राम घातला, तरी हा आज एवढा वाकला कामून, याचा सर दुपारपर्यंत विचार करीत. इथं तर साक्षात वर्षाराणी मॅडम विचारत होत्या!

हिमायतनगर तालुक्यातल्या त्या शाळेचे मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या खुर्चीला माणसं दोनच, दयानंद सर आणि वर्षाराणी मॅडम. दोघंही एकाच दिवशी नोकरीला लागलेले. त्यामुळं थोरला कोण, धाकटा कोण, हा निवाडा संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव यांच्या मर्जीवर. सरांनी डोकं चालवलं. ताकास तूर लागू न देता नांदेडच्या एका अभ्यासकेंद्रात शालेय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं. तास दर रविवारी. पदविका हातात पडली की ती अण्णारावांच्या पुढ्यात ठेवायची आणि खुर्चीत बसायचं. तोवर मॅडमना वास लागता कामा नये, नाहीतर त्याही नाव घालून मोकळ्या होतील.

"सासूबाई आजारी हायत," सर म्हणाले. "तिथं जवळच, विष्णुपुरीला असतेत. तेंनाच बघायला गेल्तो."

"अगं बाई! काय झालं?"

"तेच तर डॉक्टरला सापडंना."

बोलून गेल्यावर सरांना स्वतःचंच कौतुक वाटलं. रोग सापडलाच नाही म्हणजे बरा व्हायची भीती नाही. सगळे रविवार मोकळे!

पण आपल्याकडं आजाऱ्याची एकदा चौकशी करून कुणी गप्प बसतं होय? दर सोमवारी प्रार्थना संपली की अख्खी स्टाफरूम सरांभोवती. बरं वाटतंय म्हणावं तर पुढचा रविवार हातचा जायचा. लई झालंय म्हणावं तर मंडळी भेटायलाच निघायची. मग सरांनी सासूबाईंना मधल्या मध्ये लटकावून ठेवलं. एका सोमवारी त्यांचं पोट दुखायला लागलं, दुसऱ्या सोमवारी गुडघे धरले, दिवाळीनंतर चक्कर येऊ लागली. दगडोबानं देवाचा अंगारा आणून दिला. मॅडम मोसंबी पाठवू लागल्या. ती सर एसटीतच सोलून खाऊन टाकीत, मागं पुरावा नको म्हणून.

आणि प्रत्यक्षातल्या सासूबाई, साखराबाई? त्या भल्या पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढत, गोठा झाडत, वैरण टाकत आणि मग ताज्या दमानं शेजारच्या नागम्माशी भांडायला उभ्या राहत. ते भांडण विष्णुपुरीच्या धरणाच्या पलीकडं ऐकू जाई.

अभ्यासकेंद्रात मात्र सरांचं बरं चाललं होतं. प्राध्यापक सांगत, "चांगला मुख्याध्यापक आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास टाकतो." हे वाक्य सर डाव्या हाताचा आडोसा करून उतरवून घेत. शेजारच्या बाकावरच्या माणसाचा काय भरवसा!

हिवाळ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, सोमवारी लई थकून येतालाव तुमी. तुमचा दहावीचा पहिला तास मी घेत जाऊ का?"

त्या संध्याकाळी सर घरी फणफणत आले. "दहावी हातात घेऊलाली ती! उद्या निकाल लागला की अण्णारावला सांगणार, माझ्यामुळं लागला म्हणून."

"अवो, बिचारी मदत करूलाली," बायको सिंधु म्हणाली.

"तू तिच्या बाजूची कवापासून झालीस?"

सिंधुनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या धडधाकट आईला दुखणं लावलाव तुमी. तिला कळलं ना, तर तुमचंच दुखणं काढंल ती."

आणि ती वेळ आलीच. मार्चमध्ये एका दुपारी खुद्द अण्णाराव स्टाफरूमच्या दारात उभे राहिले.

"दयानंद, कामून सांगितलं न्हाईस रे मला? माझ्या मास्तरची सासू महिनोन्‌महिने अंथरुणाला, अन् संस्थेतून कुणी भेटायलाबी गेलं न्हाई? लोकं तोंडात शेण घालतेल माझ्या! येत्या ऐतवारी माझी गाडी काढतो. सगळे जाऊन येऊ."

"नको साहेब, डॉक्टरनं बोलायला मना केलंय."

"आमी कुठं बोलूलालो? नुसतं बघून येतो."

येत्या रविवारीच सरांची तोंडी परीक्षा होती. सरांनी हळूच मॅडमकडं पाहिलं. मॅडम मोसंबी कुठून घ्यायची ते दगडोबाला सांगत होत्या. सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही हिचीच चाल! सासू खरंच आजारी हाय का, ते अध्यक्षाला घेऊन तपासायला निघाली! माणसं किती संशयी असावीत, याचा सरांना मनापासून संताप आला. सासू आजारी नाही, हे त्या भरात ते साफ विसरून गेले.

शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको विष्णुपुरीला पोचले. सगळं ऐकल्यावर साखराबाईंनी हातातली वैरण खाली टाकली.

"मी मेले म्हणून सांगितलाव न्हाई, हे नशीबच म्हणायचं माझं!"

"मामी, तासाभराचा सवाल हाय. नुसतं पडून राहायचं."

"दिवसाढवळ्या पडून राहायला मी काय रिकामटेकडी हाय? अन् म्हशींकडं कोण बघंल, तुमचे अध्यक्ष?"

मग सिंधु आईजवळ सरकली. "आई, हे हेडमास्तर झाले तर तू हेडमास्तरची सासू होशील बघ."

साखराबाई थबकल्या. नागम्माचा जावई तलाठी होता आणि ते तिनं ऐकवलं नाही असा दिवस जात नव्हता. त्यांनी एकवार नागम्माच्या घराकडं पाहिलं.

"वाकळ काढ," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी मंडळी आली. साखराबाई वाकळीत गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. पण नेमकं काय दुखतंय, हे सांगायचं गडबडीत राहूनच गेलेलं. दगडोबानं गुडघ्यांचं विचारलं, साखराबाईंनी गुडघे धरले. मॅडमनी पोटाचं विचारलं, त्यांनी पोट धरलं. "अन् ती चक्कर?" दगडोबा म्हणाला, तशी बाईंनी डोळेच फिरवले. सिंधु तोंडाला पदर लावून आत पळाली. ती रडायला गेली असं सगळ्यांना वाटलं. मॅडमच्या डोळ्यांत तर खरोखरच पाणी आलं. काय पण नाटकी बाई हाय, सर मनात म्हणाले.

इथवर सगळं बेतात होतं. पण साखराबाईंना आता रंग चढला. त्यांनी अण्णारावांचा हात धरला.

"साहेब, हे माझं जावई न्हाई, ल्योक हाय ल्योक! दर ऐतवारी येतंय, दिवसभर पाय चेपत बसतंय. एक ऐतवार हे आलं न्हाई तर मी सोमवार बघत न्हाई, सांगून ठेवते!"

अण्णारावांनी उपरणं डोळ्यांना लावलं. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पदविकेनं व्हायचं काम सासूनंच करून टाकलं की! "औषध घेऊन येतो," असं पुटपुटत ते बाहेर पडले आणि रिक्षा धरून थेट अभ्यासकेंद्रात गेले.

"मुख्याध्यापक झाल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय कराल?" परीक्षकांनी विचारलं.

"सहकाऱ्यांपासून काहीही लपवणार नाही," सर छातीवर हात ठेवून म्हणाले. परीक्षक फारच खूश झाले.

उन्हाळा लागला, मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ आला. त्याच सकाळी सरांचा निकाल लागला होता. पहिला वर्ग! सर इस्त्रीचा नवा सदरा घालून पुढच्या खुर्चीत बसले. हारतुरे झाल्यावर अण्णाराव बोलायला उठले.

"खरं सांगतो मंडळी, नव्या हेडमास्तरसाठी पहिल्यापासून माझ्या मनात दयानंदच होता."

सरांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"मॅडमबी म्हणायच्या, मला नको ही कटकट, सरांनाच द्या. सगळं ठरलं होतं. पण विष्णुपुरीला जाऊन आलो अन् माझी झोप उडाली. हेडमास्तरचा ऐतवारबी शाळेचाच असतो. अन् हे पोरगं ऐतवारी सासूच्या पायाशी बसलेलं! त्याला तिथनं उठवलं तर त्या माउलीचं मरण माझ्या माथी यायचं. म्हणून मी मॅडमपुढं हात जोडले. दयानंदसाठी म्हणून त्या कशाबशा हो म्हणल्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर ताडकन उठले. सासूबाई ठणठणीत हायत, हे अगदी ओठांवर आलं. पण ते बोलावं तर मग इतके रविवार नांदेडला काय करत होतास, हेही सांगावं लागणार. आणि अण्णारावांना एक वेळ कामचुकार मास्तर चालायचा, खोटारडा चालत नव्हता. सर "आभारी आहे" एवढंच म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांना रडू फुटलं. दगडोबानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

चहाच्या वेळी मॅडम पेढा घेऊन आल्या. "सर, रागावलाव न्हाई ना माझ्यावर?"

सरांनी त्यांच्या चेहऱ्यावर डाव शोधला. नव्हता. आधीही कधी नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं.

"साहेब म्हणलेत, शालेय व्यवस्थापनाचं शिकून घ्या, तेबी शाळेचंच काम हाय म्हणून," मॅडम सांगत होत्या. "नांदेडला असतंय म्हणं काहीतरी, दर ऐतवारी. मला तर टेन्शनच आलं होतं. मग म्हटलं, एका अर्थी बरंच झालं."

"कामून?" सरांनी चाचरत विचारलं.

"विष्णुपुरी तिथनं जवळच की! तास संपला की दर ऐतवारी तुमच्या सासूबाईंना बघून येत जाते मी. पाय चेपून देते. लई केलाव तुमी, आता जरा आराम करा."

त्या संध्याकाळी सिंधुनं आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं. सर जीव मुठीत धरून उभे होते.

"वर्षभर पडून राहू?" साखराबाई बोलल्या. "बरं. पोरीचा संसार हाय, राहते. पण जावईबापूला म्हणावं, शनिवारीच मुक्कामाला येत जा. ऐतवारी मी अंथरुणात असते, तवा दोन्ही म्हशींच्या धारा तेनीच काढायच्या. अन् गोठ्यातनं बाहेर यायचं न्हाई, मॅडम बघतेल."