तात्या परब उगम शोधतात

आमच्या लालबागच्या चाळीत कोणाच्याही घरातलं कुठलंही झाकण उघडायचा पहिला मान तात्या परबांचा. पाण्याचा ड्रम, पिंप, माठ सोडाच. लोणच्याची बरणी, चहाची किटली, आणि एकदा साखरपुड्यात मठ्ठ्याचं पातेलंसुद्धा. झाकण वर करायचं, खिशातली टॉर्च आत मारायची, "हूं" म्हणायचं. मुलाकडची मंडळी बघतच राहिली. मुलीच्या आईने कपाळाला हात लावला.

माणूस वेडा नव्हता. अख्खी नोकरी महापालिकेच्या मलेरियावाल्या खात्यात, लोकांच्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधण्यात गेली. निवृत्त झाले तरी टॉर्च सुटली नाही. चाळीत कोणाला ताप आला की सगळे डॉक्टर विचारायचे, तात्या विचारायचे, "उगम खंय?" म्हणजे डास जन्मला कुठे. तो सापडेपर्यंत मग कोणाची खैर नसायची. माझ्या मनीप्लँटची बाटली त्यांनी तीनदा ओतली. मी लॅब टेक्निशियन, मला स्वच्छता शिकवतायत! पण काकी मागून यायच्या, म्हणायच्या, "जावंदे गो, त्यांका दुसरा काय येता?" काकी म्हणजे त्यांची बायको. त्यांच्याकडे बघून मी गप्प बसायची.

मग तो रोग आला. गल्लीच्या तोंडाला बांबू लागले. चाळीत पहिल्या काकी आजारी पडल्या. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी दम. ॲम्ब्युलन्समध्ये एकट्याच बसून गेल्या आणि परत आल्याच नाहीत, फोन तेवढा आला. तात्यांना साधी शिंकही नव्हती, म्हणून त्यांची तपासणी कोणी केली नाही. चौदा दिवस एका शाळेत ठेवलं आणि सोडून दिलं.

परत आले ते उगम शोधतच. काकी तर घराबाहेर पडत नव्हत्या, मग त्यांना दिला कोणी? बोट गेलं दुसऱ्या मजल्यावरच्या वैशालीवर. पोर नर्स, रोज वॉर्डात ड्युटी. ती कामावरून आली की तात्या गॅलरीत उभे राहून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं सांगायचे, उगम आला बघा. लोक घाबरलेलेच होते. दूधवाला तिच्या दारात जाईना. नळावर बायका मागे सरायला लागल्या. ती मागच्या जिन्याने गुपचूप यायला लागली. मला तात्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

काही महिन्यांनी आमच्याकडे सर्व्हे आला. रोग येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते, तिला अँटिबॉडी म्हणतात. ताप न येताही कितीजणांना होऊन गेला, ते त्यावरून कळतं. चिठ्ठ्या काढून खोल्या निवडलेल्या. माझी चाळ, म्हणून सुई माझ्याच हातात दिली. कोणी म्हणे रक्त विकणार, कोणी म्हणे उचलून नेणार. सगळ्यांना समजावता समजावता घसा बसला.

वैशालीची खोली यादीत होती, तात्यांची नव्हती. तात्या पेटले. तिचं घेता, मग माझंही घ्या, समोरासमोर होऊन जाऊ दे. मी म्हटलं, नियम आहे. तिसऱ्या मजल्यावर यादीतल्या गावकरांच्या दाराशी आले तर कुलूप, आणि दारापुढे स्टुलावर बाही वर करून तात्या. म्हणतात, "मी गावकर." जन्मापासून ह्या माणसाला बघतेय मी! गंमत म्हणजे कुलूप असलं तर शेजारची खोली घ्यायची असाही नियम होता, आणि शेजारची खोली तात्यांची. घरात गप्प बसले असते तरी नंबर लागला असता.

रिपोर्ट आले. वैशालीने आपला कागद स्वतःच तात्यांच्या दारातून आत सरकवला. तात्यांनी मला बोलावून घेतलं. पुढ्यात दोन्ही कागद. वैशालीच्या रक्तात काही नाही. तात्यांच्या रक्तात आहे.

मी घाईघाईने म्हटलं, "तात्या, कधी झाला ते रक्त सांगत नाही. काकींकडूनही तुम्हाला आला असेल."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

मग खाली बघत सांगायला लागले. काकींना ताप यायच्या चार दिवस आधी बांगड्याचं तिखलं केलं होतं. तात्यांना ते पाण्यासारखं लागलं. ना मीठ, ना तिरफळ. काकींनी चाखलं, म्हणाल्या बरोबर आहे. तात्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. हात बिघडला तुझा, म्हणून बोलले. काकी बिचाऱ्या मीठ वाढवत राहिल्या आणि ते खारट जेवण स्वतः जेवत राहिल्या. चव जाणं हेही ह्या रोगाचं लक्षण, हे तेव्हा आमच्यात कोणाला ठाऊक होतं?

"गाडीत बसताना तिका म्हटलंय," तात्या म्हणाले, "थंय तरी चवीचा जेवूक गावात." तिथे तरी चवीचं जेवायला मिळेल, हे ते गमतीत म्हणाले होते. काकी हसल्या नव्हत्या.

मला त्यांचा राग होता तो कुठे गेला कळलं नाही. ज्यांच्या रक्तात खूण निघाली त्यांना घरोघरी मी एक वाक्य सांगत होते, घाबरू नका, आता काही महिने तुम्हाला भीती नाही. ते वाक्य तात्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी वैशाली ड्युटीवरून आली, तर मागच्या जिन्यावर तात्या. हात धरून तिला पुढच्या गॅलरीत घेऊन गेले. लोक दारात आले. तात्या मोठ्याने म्हणाले, "रोग हिच्याकडून नाय इलो. माझ्याकडून इलो. माझ्या बायलेक मी दिलंय."

वैशालीने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सुनावणार, आणि तिने सुनावायलाच हवं होतं.

"तात्या," ती म्हणाली, "जेवलात काय?"

तात्यांनी नाही म्हणून मान हलवली.